नकाशा न पाहता

रोहा, रविवार, १३ नोव्हेंबर १९९४, संध्याकाळ

काल एसटीडी बूथवरून मेघनाशी बोलताना मी नकाशा न पाहताच "छान!" म्हणून गेले. माझी विद्यार्थिनी, तिचा पहिलाच लेख. उपग्रहाच्या निरीक्षणांत तिला क्ष-किरणांचा एक ठिपका सापडलाय. धुळीच्या ढगात नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याचा तो आहे, असं तिचं म्हणणं. लेख उद्या टपालात पडणार होता.

आज आईचं जेवण उरकल्यावर मेघनानं पाठवलेला आकाशाच्या त्या भागाचा नकाशा उघडला. ठिपका त्या कोवळ्या ताऱ्यावर नाहीच! जरासा बाजूला, ढगाच्या अलीकडच्या एका जुन्या ताऱ्यावर आहे. तीनदा मोजलं.

मग काल छान का म्हणाले? आईच्या औषधाची घाई म्हणून? की तिचा आनंद मोडवेना?

पुन्हा बूथ गाठला. बूथवाले दामूकाका मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, "काय गो सुधा, कालचाच तारा? अजून जमला नाय?"

"नाय ना, काका."

मेघनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मलाही तो बाजूलाच वाटत होता. काल तेच विचारणार होते. पण तुम्ही छान म्हणालात, मग वाटलं माझंच चुकतंय."

तिची समजूत काढायला मी शब्द जुळवून गेले होते, ते तसेच राहिले. एवढंच म्हटलं, "यापुढे मी छान म्हटलं तरी शंका विचारायची."

"हो मॅडम," ती लगेच म्हणाली.

इतक्या लगेच? तेच तर नको होतं मला.