समुद्र डावीकडे

मालवण, १२ ऑक्टोबर १९५९

बाबांशी पुन्हा वाजलं. जेवताना म्हणाले, "कॉलेजात शिकान मोठो जातलो म्हणान धाडलंय, नि हो इलो वाळयेत पोरांका पळवूक." ताट सरकवून उठलो. आई मागून भाकरी घेऊन आली, ती मात्र घेतली.

कोल्हापुरात कॉलेजच्या व्यायामशिक्षकाच्या टेबलावर शिट्टी आपटून निघालो, त्याचं वाईट वाटत नाही. वजनं उचलली की धावणाऱ्याचे स्नायू आखडतात म्हणे. डिसेंबरात माझ्या हाताखालचा आंतोन रत्नागिरीच्या शर्यतीत चारशे मीटर धावेल. मग बोलू.

वजनांच्या जागी वाळूची पोती भरून ठेवली.

१५ ऑक्टो.

शाळेचं मैदान म्हणजे नुसता कातळ. म्हणून ओहोटीला जी ओली घट्ट पट्टी उघडी पडते तिच्यावर धावायचं. वेळ ओहोटी ठरवेल. वाकड्या माडापासून सुरुवात, आंतोनच्या घरासमोर शेवट. जोरात एक धाव, मग सावकाश चालत माडापाशी परत. नाडी उतरली की पुन्हा. एक दिवसाआड पोतं खांद्यावर घेऊन उठाबशा. रविवारी सुट्टी, आंतोनच्या घरच्यांना चर्चला जायचं असतं.

आंतोन म्हणाला, "दादा, शेवट आमच्याच घराकडे कित्याक?"

वारा पाठीवर मिळतो, असं सांगितलं.

त्याची बहीण फिलोमेना ओट्यावर शिवणाचं मशीन चालवत होती. यापुढे नुसतं फि. लिहायचं. वही बाबांच्या हाती लागली तर…

१९ ऑक्टो.

सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. नेहमीपेक्षा जास्त भरली तर कालचा थकवा उरलाय, त्या दिवशी पळवायचं नाही. आंतोन स्वतः मोजायला गेला की पुन्हा झोपतो. म्हणून फि.ला शिकवलं. माझ्या मनगटावर.

सेकंदकाट्याकडे बघत, ओठ हलवत मोजत होती. मध्येच थांबली. "मास्तर, तुमका ताप आसा?"

"नाही."

"मगे बसल्या जाग्यार इतकी कशी?"

भरभर चालत आलो म्हटलं. अर्धा तास तिच्यासमोरच बसलो होतो.

मास्तर म्हणते. चिडवतेच. म्हणू दे.

२८ ऑक्टो.

आंतोन-फि.चा मामा बोटीवरच्या नोकरीतून रजेवर आलाय. जानेवारीत आंतोनला बोटीच्या भटारखान्यात लावून देतो म्हणतो. "धावान खंय पोट भरता?"

मी उसळलो. चांगल्या धावणाऱ्याला रेल्वेत नोकरी मिळते, तुम्हाला काय माहीत, कांदे सोलण्यात जन्म गेला तुमचा… हे शेवटचं बोलायला नको होतं.

फि. म्हणाली, "मास्तर, हळू. हंय कोण भैरो नाय." मग मामाकडे वळून, "शर्यत होवंदे, मामा. पयलो इलो तर ऱ्हवांदे हंय. नायतर घेवन जा."

मामा "बरां" म्हणाला.

आईवडील गेल्यापासून घरात ती दोघंच आहेत. आंतोन गेला तर ओट्यावर ती आणि मशीन. निघताना तिने माझ्याकडे पाहिलं.

९ नोव्हें.

आंतोनचा डावा गुडघा. बाहेरच्या बाजूला दुखतो. चार दिवस लपवलंन. ओट्याच्या पायऱ्या चढताना उजवा पाय आधी टाकतो, त्यावरून पकडला.

पोती बंद. तो कोल्हापूरचा माणूस खरा निघाला तर…

१६ नोव्हें.

पोती बंद करून आठवडा झाला. धावाही कमी केल्या. दुखणं वाढलंच. फि.ने सकाळची नाडी सांगितली, वर न बघता.

धाव संपल्यावर शहाळं वाळूत ठेवलं. घरंगळत सरळ पाण्यात. आंतोन हसला. मी जागचा हललो नाही.

उतार. पावलं बघत मागे गेलो. उजव्या पायाचा ठसा सारखा, डाव्याचा बाहेरच्या कडेला खोल. जाताना धावतो, येताना चालतो. म्हणजे सगळा जोर उत्तरेकडे जाताना. समुद्र कायम डावीकडे, डावा पाय कायम खालच्या अंगाला. महिनाभर.

पोत्यांचा दोष नाही. शेवट जिथे ठेवला त्याचा आहे.

आणि वारा पाठीवर! इथला संध्याकाळचा वारा वायव्येचा. तोंडावर येतो.

१७ नोव्हें.

दोघांना सांगितलं. आंतोन म्हणतो, "वाऱ्याचा माका पयल्याच दिवशी कळला हुता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी खुशीत हुतात."

फि.ने मशीन थांबवलं नाही. धागा तुटला, तो ओवला. मग म्हणाली, "माझ्यासाठी तेचो पाय मोडू नकात, मास्तर." आणि आत गेली.

रागावली आहे. बरोबरच आहे.

पण "माझ्यासाठी" म्हणाली.

२५ नोव्हें.

धावणं बंद. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात चालवतो, पोहायला लावतो. दम टिकला पाहिजे. पोती पुन्हा सुरू, हलकी, उठाबशा अर्ध्याच. गुडघ्याने तक्रार केली नाही. कोल्हापूरला पत्र टाकावंसं वाटलं. नाही टाकलं.

नाडी आता आंतोनच येऊन सांगतो. फि.ने मोजलेली.

३ डिसें.

पुन्हा वाळूवर. आता शेवट दक्षिणेला, खडकापाशी. तिथे एक उपडी होडी आणि कावळे. समुद्र उजवीकडे.

सुरुवातीला कळ आली, नंतर नाही. म्हणजे नाही असं आंतोन म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर किती जावं?

प्रत्येक धावेला ते घर पाठीमागे जातं.

९ डिसें.

शेवटचा सराव. खडकापाशी होडीला टेकून फि. उभी, चपला हातात. एवढं अंतर वाळूतून चालत आलेली.

"हंय संपता मां?"

"हो."

शिवणाच्या रिळाचा दोरा काढला, एक टोक माझ्या हाती दिलं, दुसरं तिने धरलं. आंतोन छाती पुढे काढून तोडून गेला. घड्याळ बघायचं राहिलं. म्हणे मास्तर!

तो श्वास घेत लांब बसला. तिने माझं मनगट धरलं, सेकंदकाट्यावर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजलं.

"किती?"

"सांगूचंय नाय. रत्नागिरीसून येवा, मगे."

११ डिसें., आगबोटीवर

धक्क्यावर मामाही आला होता. मी नमस्कार केला. "कांदे बरे सोलतंय हां मी," म्हणाला, आणि आंतोनच्या डोक्यावरून हात फिरवलान.

पडावाच्या होडीतून आगबोटीपाशी आलो. लाटांनी पडाव वरखाली होत होता, शिडी लटकलेली. महिनाभर आंतोन उजवा पाय आधी टाकतोय. आज शिडीवर त्याने डावा टाकला. सगळा भार त्यावर देऊन वर चढला. त्याच्या ध्यानातही आलं नसावं.

की मला दिसावं म्हणून?

विचारलं नाही. परवा शर्यत. धक्का लहान होत गेला तरी फि. तिथेच उभी होती.