तिसावी चिठ्ठी

शनिवार, १४ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तू खुशाल असशील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. माझं बरं चाललंय. कालपासून मला ग्रंथालयातून उचलून शाळेच्या कोठीघरात बसवलंय, खडू आणि फडक्यांवर लक्ष ठेवायला. खडू कुणाच्या भावना दुखावत नाहीत, त्यामुळे मी इथे निर्धास्त आहे.

गुरुवारच्या शाळा समितीच्या बैठकीला तू आली नाहीस. मी वर्गाला वाचायला दिलेलं पुस्तक बंद करा, असा तुझा अर्ज मात्र आला. खाली अठरा पालकांच्या सह्या होत्या आणि तो लिहिला कुणी, हे कुणी विचारलं नाही. मला विचारायची गरजच नव्हती. तुझं अक्षर मीच हात धरून वळवलंय.

सगळ्यात तावातावाने बोलले ते दातांचे डॉक्टर. "मुलं घाबरतात हो असल्या गोष्टींनी!" हे बोलतंय कोण बघ! पुस्तक पूर्ण वाचलंत का, असं विचारलं तर म्हणाले, "कशाला? सदतिसावं पान पाहिलं ना." त्या पानावर बाप पिऊन घरी येतो आणि मुलगी पलंगाखाली शिरते. ते पान सगळ्यांना अर्जातून तूच दाखवलंस. वर लिहिलंस, 'अशी घरं आमच्या मुलांच्या माहितीतली नाहीत.' ठमे, हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

आमची पद्धत तुला माहीत आहे. पुस्तक वाचून झालं की मुलाने चिठ्ठीवर मनातलं काहीतरी लिहायचं, नाव न घालता, आणि ती पुस्तकाच्या मागच्या खिशात ठेवायची. समितीने वर्गाच्या तीसही प्रती मागवल्या. मुख्याध्यापिकांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. 'छान आहे.' 'चित्रं कमी आहेत.' 'गोष्टीत कुत्रा हवा होता.' मग चष्मा काढून मला म्हणाल्या, "बाई, या पुस्तकाची गरज नेमकी कुठल्या मुलाला होती, ते काही यात दिसत नाही."

उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. आदल्या दिवशी चिठ्ठ्या चाळताना अक्षर ओळखून मीच एक काढून घेतली होती. तिसाव्या प्रतीचा खिसा रिकामा निघाला, तेव्हा "हरवली असेल," असं मीच म्हणाले. मग 'पुस्तकाची निवड चुकली' असं लिहून खाली सही केली.

निवड चुकली नव्हती. ते पुस्तक मी तुझ्या लेकीसाठी निवडलं होतं. बाकीची एकोणतीस मुलं तिच्या सोबतीला. मेव्हण्यांबद्दल तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आपण दोघी फार सभ्य! आपल्यासारखं आणखीही कुणाच्या घरी होतं, एवढं तरी पोरीला कळावं असं वाटलं मला.

काल मधल्या सुट्टीत ती कोठीघरात आली. "मावशी, माझ्या चिठ्ठीमुळेच पुस्तक बंद केलं ना?" मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही. "आता मी कधीच काही लिहिणार नाही," म्हणाली आणि घंटा व्हायच्या आतच निघून गेली. तेव्हापासून मला तुझा भयंकर राग आलाय आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटतेय.

तुला नको असेल, तरी तिने काय लिहिलंय ते वाच. 'पलंगाखाली लपू नये. तिथे हात पोचतो. कपाटात बरं.'

हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या हातात देणार आहे. तोंडाने बोलायला गेलं की आपण दोघी हवापाण्यावर येतो. एकटी असशील तेव्हाच पाकीट फोड. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून मी चिठ्ठी लपवली. अब्रू राहिली, आणि तिच्या आड पोरगी कपाटात बसून राहिली. सोमवारी ती चिठ्ठी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर असेल आणि ती कुणाची आहे तेही मी सांगेन. त्याआधी, उद्याच, तिला घेऊन माझ्याकडे राहायला ये. जिना चढायला अवघड आहे, सामान थोडंच आण. नाही आलीस तर मला शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस. सोमवार काही टळणार नाही.

तुझी ताई,
पण आधी तिची मावशी