झाडाला मिठी मारण्याचा नियम

ती. गुनवोर मावशीस,

हाल्वारचा साष्टांग नमस्कार. (अगदी खराखुरा साष्टांग, कारण मंगळवारपासून पायांत उभं राहायचं बळ नाही.) तुझी कंबर कशी आहे? मांजरीचं बाळंतपण नीट पार पडलं ना? आई खुशाल आहे. मी जिवंत आहे, एवढंच तूर्त कळवतो.

गेल्या आठवड्यात फोनवर तुला गळ घातली होती, की आमच्या मुख्याध्यापिकाबाई तुझ्या मैत्रीण, तेव्हा त्यांना सांग, हाल्वारचा गुडघा गेलाय, त्याला उघड्यावर शिकवायच्या जंगलवर्गातून काढा आणि चार भिंतींच्या आत बसवा. तू हसलीस. मावशी, गुडघा ठणठणीत आहे, गेलाय तो धीर. आपल्या स्वीडनमध्ये माणूस एक वेळ चोरी कबूल करील, पण जंगलाची भीती वाटते म्हणणार नाही. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, ही म्हण ऐकून ऐकून माझे कान किटले. मला गोचिडांची भीती वाटते, निसरड्या दगडांची वाटते, मूस नावाच्या अजस्र हरणाची वाटते (शिंगं लावलेलं कपाट, आणि तेही चिडलेलं), आणि सगळ्यांत जास्त, पोरांची डोकी मोजताना एक कमी भरण्याची.

मंगळवारी एक कमी भरलं.

त्या दिवशीचा धडाच मुळी हरवल्यावर काय करायचं हा होता. झाडाला मिठी मारायची, त्याला नाव ठेवायचं (नावं ठेवायची नाहीत), त्याच्याशी बोलत राहायचं आणि जागचं हलायचं नाही. पोरं लिंगनबेरी खात ऐकत होती. धडा संपला, मोजलं, तर टीरा नाही. ही टीरा सहा वर्षांची. शाळेत आल्यापासून आमच्यापैकी कुणाशी अवाक्षर बोललेली नव्हती. आम्ही घसा फाटेपर्यंत हाका मारल्या, पण ती ओ देणार कशी? सिगब्रिट, म्हणजे माझ्या जोडीची शिक्षिका (घाबरणं हा शब्द तिच्या गावी नाही), म्हणाली, "मी पोरांपाशी थांबते, तू ओढ्याकडे बघून ये. आणि हे बघ, धावू नकोस, तूच हरवशील."

मी धावलो. ओढा सापडला. पाण्यात बघायचा धीर होईना आणि न बघता पुढे जाववेना. शेवटी बघितलं. नुसतं पाणी होतं. वळलो, तर आलेली वाट कुठली ते कळेना, आणि हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. एवढ्यात मागे काहीतरी कडाडलं. (फांदी असेल. मी कपाटच समजलो.) मी समोरच्या स्प्रूसला गच्च मिठी मारली आणि तिचं नाव ठेवलं गुनवोर. रागावू नकोस, बुंधा रुंद होता, आधार वाटला. मग नियमाप्रमाणे बोलायला लागलो, की गुनवोर, पोरीला काही झालं तर तिच्या आईला तोंड कसं दाखवू, मी मास्तर नाही गं, भागूबाई आहे.

पलीकडच्या झाडामागून बारीक आवाज आला, "हाल्वार, हळू बोल ना."

टीरा! दोन्ही हात खोडाभोवती, गालाला डिंक, नियम तंतोतंत पाळून उभी.

"अगं, एवढ्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस?"

"तुम्ही सगळे ओरडत होतात. मला भीती वाटली."

"मग आता कशी बोललीस?"

"तू पण घाबरलायस ना."

मला रडू फुटलं, मावशी, लपवत नाही. तिला जवळ घ्यायला निघालो तर तिनेच दरडावलं, "हलायचं नाही!" मग आपापल्या झाडाला धरून आम्ही दोघं उभे राहिलो, सिगब्रिट सगळी पलटण घेऊन येईपर्यंत. तिने विचारलं, "कोण कुणाला सापडलं?" टीराने तोंड खोडात लपवलं. मी डोकी मोजायला लागलो.

एकूण काय, हे आपल्याच्याने व्हायचं नाही. थोरांना नमस्कार, मांजरीच्या पिल्लांना आशीर्वाद.

तुझा भित्रा भाचा,
हाल्वार

ता. क. गुडघ्याचं बाईंकडे अजून बोलली नसशील तर बोलू नकोस. काल टीराने माझी बाही धरून विचारलं, पुढच्या गुरुवारी जंगलात येणार ना? मी हो म्हणून बसलो.

आणखी एक ता. क. गुरुवारी पोरांच्या हाती लाकूड तासायला सुऱ्या द्यायच्या आहेत. प्रत्येकाच्या हाती. माझी भीती काडीइतकीही कमी झालेली नाही. मावशी, तू येशील का? काही करायचं नाही, कुणाला कारण सांगायचं नाही. नुसती जवळ उभी राहा.