बैलांना वाट ठाव हाय

आये, तुला लिहायचं मी कित्येक वर्षं पुढं ढकलत आलोय. कधी शाई संपलेली, कधी मुक्काम हललेला, आणि तुला वाचता कुठं येत होतं, हा बहाणा तर कायमचा. तू देवाघरी गेलीस तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. नंतर शाळा सुटली ती सुटलीच. मुंबईला गोदीत राहिलो, हिरकणीवाडीत गड बघायला येणाऱ्यांची बोचकी वाहिली, कशेडीत रस्त्याची खडी फोडली. तिथं एक म्हातारा मुकादम होता, तो शीळ घालून घारींना भाकरीचे तुकडे वर उडवायचा, आणि घारी वरच्या वर... पण ते राहू दे. आज लिहितोय, कारण उद्या महाडच्या कोर्टात बाची केस आहे आणि साक्षीला मला उभं राहायचंय.

घाबरू नको, मारामारी नाही. दारू पिऊन बैलगाडी हाकली आणि माणूस जायबंदी केला, असा आरोप आहे. हसलीस ना? पहिल्या दिवशी आपली सगळी वाडी हसली.

तुझी खोपी आठवते. पोलादपूरच्या अलीकडं, रस्त्याला अगदी लागून. महाड बंदरातून मीठ, सुकट, घासलेटचे डबे घेऊन येणारे गाडीवान तिथं बैल सोडायचे. चुलीवर तुझी नाचणीची भाकरी फुगतेय, कुळथाची पिठी रटरटतेय, आणि एखादा ताडी पिऊन झुलत येतो. तू त्याला पोटभर वाढतेस. तो बोटं चाटत असताना गुपचूप बाहेर जातेस आणि त्याच्या जुवाच्या शिवळा उपसून आणतेस. त्या लाकडी खुंट्या नसल्या तर बैल जुंपायचे कसे? त्या तू पिठाच्या मडक्यात दडवायचीस.

"शिवळा दे गो, उशीर होतो."

"निजून उठ, मग देते."

"अगो, मी झोपलो तरी बैलांना वाट ठाव हाय!"

"त्यांना ठाव हाय ना? मग त्यांनाच वाढते भाकरी. तू ऱ्हा उपाशी."

बालाही त्यातून सूट नव्हती. तो रुसून ओट्यावर आडवा व्हायचा, आणि जागा झाला की तुला विचारल्याशिवाय पाणीही प्यायचा नाही.

यंदा शिमग्याला मी घरी यायला निघालो. बा महाडला हिरडा पोचवून रिकाम्या गाडीनं परत निघाला होता, तिथंच भेटला. प्यालेला होता. मी म्हटलं, बा, शिवळा मी ठेवतो, जरा पड. तर म्हणतो कसा, "तू काय तुझी आये हायस?" मग वास जातो म्हणून त्यानं कच्चा कांदा खाल्ला आणि उतरते म्हणून तांब्याभर चिंचेचं पाणी प्याला. काही उतरली नाही. पुढं तो बसल्या जागी घोरायला लागला. मी मागं रिकाम्या पोत्यांवर बसून झाडं बघत होतो. आणि तुझा लाडका तांबडा बैल, ज्याला तू पेजेत गूळ घालून द्यायचीस, तो आता म्हातारा झालाय. पण कासरा ढिला पडलेला कळला तशी त्यानं आपली वाट धरली. घरची नव्हे गो, तुझ्या मोडक्या खोपीची. भर रस्त्यात आडवा वळला. समोरून सर्व्हिस मोटार येत होती. आमच्यावर जाऊ नये म्हणून ड्रायव्हरनं ती ओहोळात घातली. उतारूंना खरचटलं, ड्रायव्हरचा हात मोडला. बा डोळे चोळत म्हणाला, "आली वाडी?"

तेव्हापासून वाडीत सगळेच वकील झालेत. चुलता म्हणतो, "लायसन मोटारला लागतं, बैलाला नाय. केस उभीच ऱ्हात नाय." शेजारचा म्हणतो, "सांग, मी शुद्धीतच नव्हतो. बेशुद्ध माणसाला सरकार काय करणार?" मुंबईचा आतेभाऊ म्हणाला, "पैल्या टायमाला वॉर्निंग देऊन सोडतात, मामा."

मी महाडला जाऊन खऱ्या वकिलांना विचारून आलो. ते म्हणाले, "कायद्याला गाडी म्हणजे गाडी. पुढे बैल आहेत की इंजिन, ते तो विचारत नाही. बेफिकिरीने हाकली, माणूस जायबंदी झाला, तर दंड, कैद किंवा दोन्ही. पहिल्या खेपेला सोडलेच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. आणि आपल्या हाताने प्यालेल्याला नशा ही सबब होत नाही. फसवून पाजली असती तर गोष्ट निराळी. 'शुद्ध नव्हती' म्हणजे आपल्याच तोंडाने कबुली." मी कांद्याचं विचारलं तर हसले. "कांद्याने तोंडाला कांद्याचा वास येतो. दारू कळायला माणसाची चाल आहे, डोळे आहेत, बोलणे आहे."

हे सगळं वाडीत येऊन सांगितलं, तर त्यांनी नवीनच ठरवलं. प्यालेला होता तो मोटारवाला. "तू मागं बसला व्हतास," बा म्हणाला, "तूच सांग, मोटार झोकांड्या खात आली." तो माणूस थेंबही प्यालेला नव्हता, आये. माझं ऐकलं कोर्टानं तर त्याचं लायसन जाईल, पोटाचा धंदा जाईल. बा वाईट नाही, तुला माहीतच आहे. कैदेत गेलो तर तांबड्याला कोण बघणार, हेच त्याच्या डोक्यात. सकाळपासून बैलाच्या मानेला तेल चोळत बसलाय आणि माझी नजर चुकवतोय.

आता तुला खरं सांगतो. हे लिहायला बसलो ते जाण्यापूर्वी म्हणून. बोचकं बांधून झालंय. खरं बोललो तर बा अडकतो, खोटं बोललो तर तो माणूस. पळून गेलो तर माझ्या तोंडून कुणाचंच वाईट व्हायला नको, असं मनाशी धरलं होतं.

थांब, कुत्रा भुंकतोय. अंगणात मोटारवाला उभा आहे. हात गळ्यात बांधलेला, एवढा चढ चढून घामानं निथळलेला. बाला म्हणतोय, "दादा, उद्या कोर्टात काय सांगणार ते आज माझ्या तोंडावर सांगा." बानं तेलाचे हात कमरेला पुसलेत. माझ्याकडं बघतोय.

आये, तो आत्ता आला नसता, तर मी गेलोच असतो. बाहेर जातो, घडलं ते सांगायला.