नळीमागच्या रेघा

मॅडम,

माझं सगळं फिरलं ते जळगावला, तुमच्या प्रयोगशाळेत, एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी. सातपुड्याच्या शिबिरांत लोकांचं रक्त तपासायचं तर आधी स्वतःचं तपासा, हा तुमचा नियम. रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळी रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ झाली तर सिकलसेल. माझी गढूळ. शेजारी तिची, तीही गढूळ. आमचं शिरपूरच्या एस.टी.त जमलेलं अख्ख्या वर्गाला ठाऊक, त्यामुळे मागून कुणीतरी खिदळलं, "घ्या, गुण जुळले!" तुम्ही त्याला बाहेर काढलंत. मग पुढची तपासणी करून आम्हाला म्हणालात, दोघंही नुसते वाहक आहात, वाहक माणूस ठणठणीतच असतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला एकटीलाच बोलावलंत. तिच्या भावाला हाच आजार. स्टँडवर मी तिला गाठतो, तर ती म्हणते, "मन्हा भाऊ हाडं धरीसन वरडस. त्ये माले परत ऐकानं नई." मी म्हणतो, अगं, पोटातल्या बाळाची तपासणी होते, आपणच शिकलोय. "आनि निंघनं तं? पाडू? दर खेपेले?" गाडी लागली, ती चढली.

मी तडक तुमच्या केबिनमध्ये. "मला का नाही बोलावलं?"

"बस आधी. बाळंतपण तिचं, पोर कडेवर घेऊन दवाखाने हिंडणार तीच. आणि तू नुसता भांडला असतास."

"लग्न मोडलंत तुम्ही!"

"मी शक्यता सांगितली. नाही ती म्हणाली."

कॉलेज तिथंच सुटलं. आता धुळ्यात ठिबकच्या नळ्या विकतो. तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली. तिनं वाहक नसलेल्याशी लग्न केलं; मुलगी शाळेत जाते म्हणे, अगदी धडधाकट. मित्र सांगतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो, जणू मी पेढे वाटावेत. तुमचं बरोबर निघालं मॅडम, म्हणूनच राग जात नाही. चुकला असतात तर केव्हाच माफ करून टाकलं असतं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितोय. सगळ्यांना सांगत आलो, की तुम्ही मला हाकललंत. तसं नव्हतं. मी तणतणत उठलो, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "उद्या शिबिराला ये रे, नळ्या बघायला माणूस कमी आहे." मला नीट ऐकू आलं होतं. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.