ड्रममधला चुना

अण्णा, आज प्लँटवरच्या ऑपरेटरनं फोन करून विचारलं, "मॅडम, टाकीला लई आंबट वास येतोय. चुना टाकू का?" तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण त्या एका प्रश्नानं मी पुन्हा तुमच्यासमोर उभी राहिले.

तुम्हीही ऑपरेटरच. शहराचं सांडपाणी साफ करण्यात सगळी नोकरी काढलीत. छावणीतल्या घरातून सायकलवर जायचात, आणि परत आलात की आई आधी अंघोळीची बादली पुढं करायची, चहा नंतर. प्लँटवर उरलेला गाळ वाळला की चितेगावकडचे शेतकरी खत म्हणून ट्रॉल्या भरून न्यायचे. मी एम.एस्सी.ला होते तेव्हा तुम्हीच म्हणालात, "त्या गाळात कारखान्यांचं काय काय येतं, कुणी बघत नाय. तू बघ." मी बघितलं. जस्त, निकेल, तांबं. मग ते बाहेर कसं काढायचं याचा नादच लागला, त्यातच पीएचडीला नाव घातलं.

गंधक खाऊन आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. गाळात गंधकाची पूड घालायची, हवा सोडायची आणि धीर धरायचा. गाळ आंबट होत जातो, धातू सुटून पाण्यात उतरतात. ते पाणी वेगळं काढलं की मगच आंबटपणा मारायला चुना. तुम्ही प्लँटच्या साहेबांच्या हातापाया पडून शेडमध्ये माझ्या प्रयोगाचा एक निळा ड्रम ठेवून घेतलात. रोज आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी बुडवायचात, आलेला रंग वहीत लिहायचात. पण तुमचा जन्म गेला आंबट झालेल्या टाकीत चुना टाकण्यात. आंबट म्हणजे बिघडलं, हे तुमच्या हातांनाच पाठ होतं. एका रविवारी पट्टी लालभडक झाली आणि तुम्ही घमेलंभर चुना ओतलात. माझी दोन महिन्यांची मेहनत तिथंच संपली.

सोमवारी मी माझ्या पीएचडीच्या सरांसमोर, तुमच्या दोन हेल्परांसमोर तुम्हाला म्हणाले, "कळत नाही तर हात कशाला लावता?" घरात कुणी तुमच्याशी असं कधी बोललं नव्हतं. तुम्ही खाली बघत म्हणालात, "चुकलं बाई." मग नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिलात. घरी आईनं चेहरा बघून विचारलं तर ऊन लागलं म्हणालात. मी समोर बसून जेवत होते.

प्रबंधात मी ते सगळं एका ओळीत उरकलं: ऑपरेटरच्या चुकीमुळे प्रयोग पुन्हा करावा लागला. इंग्रजीत होतं, तुम्हाला वाचता येणार नव्हतं. तो जाडजूड ठोकळा तुम्ही पिशवीत घालून छावणीतल्या ओळखीच्या दुकानांतून दाखवत फिरलात. मला विचारलंत, आपल्या प्लँटचं आलंय का गं यात? मी म्हटलं, आलंय. खोटं नव्हतं ते, हीच तर लाज आहे.

आता तीच पद्धत मी प्लँटच्या मोठ्या टाकीवर चालवते. आज मी ऑपरेटरला चुन्याला हात लावू नका म्हटलं आणि गाडी काढून तडक प्लँटवर गेले. टाकीपाशी उभं राहून त्यांना सगळं सांगितलं, तो वास का यायलाच हवा तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच व्हय? मग आधी सांगायचं ना, मॅडम."

एवढंच होतं, अण्णा. अर्ध्या तासाचं काम. ड्रम तुमच्या हवाली केला, पण त्यात काय व्हायला हवंय ते सांगितलं नाही. दहावी शिकलेल्या बापाला काय कळणार, असं वाटलं होतं मला. सरळ सांगते.

हे आईला वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसले होते. आता नाही दाखवणार, कागद फाडून टाकीन. कारण त्या रविवारी चुना ओतण्याआधी तुम्ही मला तीनदा फोन केला होता. मी मैत्रिणींबरोबर गुलमंडीत ड्रेसचं कापड बघत होते. तुमचं नाव दिसलं आणि मी फोन पर्समध्ये टाकला. सोमवारी सगळ्यांसमोर तुम्हाला ते सांगता आलं असतं. तुम्ही नाही सांगितलंत.