पेल्यावरचं नाव

आये, तू बरी आहेस ना? बाबांचा खोकला तिकडे तरी थांबला असेल. थोरल्या काकीचे गुडघे कसे आहेत? आपली लंगडी म्हैस तुमच्यातच आली असेल, तर तिला माझ्या वाटची पेंड घाल. इकडे मी ठणठणीत आहे, दात तेवढे गेले.

लिहायला कारण तुझा चांदीचा पेला. माझं लग्न ठरलं तेव्हा तू तो करवून घेतलास. लेकीला द्यायच्या भांड्यावर तिचं सासरचं नवं नाव घालायचं, ही आपल्याकडची रीत. तू मात्र छिन्नीने टिंबं टिंबं पाडून माझं माहेरचंच नाव घालून आणलंस. बाबा चुलीपाशी येऊन म्हणाले, "सासरचा नाव घालूक होया होता. इसारलंस?" तू नुसती चुलीत फुंकर मारलीस. सासरी माझं नाव बदललं आणि सासूबाई पेला उलटसुलट करून विचारतात, "ह्यो खंयच्या बायचो पेलो उचलून हाडलंस गो?" मी म्हटलं, आई विसरली. पुढे तुझे जावईही पाणी मागताना म्हणायचे, "त्या बायच्या पेल्यातसून दी." सगळं हसण्यावारी गेलं. पण बाबा गेले, तू गेलीस, आणि त्या नावाने मला हाक मारणारं कोणी उरलं नाही. ते चांदीवर तेवढं राहिलं.

परवा नातीच्या मुलीच्या बारशासाठी पेला घेऊन नात नि मी मालवणात सोनाराकडे गेलो. बाळाचं नाव घालायचं होतं. सोनार म्हणाला, "आजी, जुनी अक्षरां झिजली हत. घासून टाकतंय, जागा गावतली." त्याने कानस हातात घेतलीसुद्धा. गोवऱ्या मसणात गेल्या, आता कसला हट्ट धरायचा, असं वाटलं. तेवढ्यात नातीने विचारलं, "आजी, हे कोणाचं नाव?"

"माझा," मी म्हटलं.

तिने पेल्यावर हात ठेवला. मग सोनाराला म्हणाली, "याला हात लावू नका. बाळाचं खाली घाला." परतताना रिक्षात तिने मला त्या नावाने हळूच हाक मारून पाहिली. आये, मी चटकन ओ दिली.

हे पत्र टपालात पडणार नाही, ठाऊक आहे मला. तरी विचारते. तू खरंच विसरली होतीस, की मुद्दाम केलंस? सासूबाईंना काहीही सांगितलं असलं, तरी मनात मी मुद्दामच धरून चालले, आणि त्या बळावर संसार रेटला. लवकर लिही. विसरली असशील, तर तेवढं मात्र लिहू नकोस.